135 मिलिमीटरचा माग : रत्नागिरी ते मालवण, पाच दिवस

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने समुद्री माशांच्या 54 प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आणि त्याच महिन्यात रुपेरी पापलेटला, म्हणजे आपल्या सरंग्याला, राज्यमाशाचा मान मिळाला. वर्तमानपत्रात छापून आलेल्या त्या यादीत पापलेटासमोर 135 मिलिमीटर लिहिले होते आणि घोळीसमोर 700. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. 135 च का, 120 किंवा 150 का नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसला होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी मत्स्यसंशोधनात काम करते. तिला फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, हे सांगून कळायचे नाही. जानेवारीत या, बंदरावर उभ्या राहा." त्याप्रमाणे यंदा माघ लागण्याच्या सुमारास मी आणि माझी धाकटी बहीण पाच दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस : मिरकरवाडा, दुपारी बारा ते सहा

सकाळच्या गाडीने रत्नागिरीत उतरून, सामान खोलीवर टाकून, बाराच्या ठोक्याला आम्ही मिरकरवाड्याच्या जेट्टीवर पोहोचलो. ही वेळ आमच्या सोयीने ठरलेली नव्हती. सागरी मासळीची मोजदाद देशभर ज्या पद्धतीने होते, ती 1947 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने घडवलेली आहे आणि तिच्यात वेळेला फार महत्त्व आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडले जातात, त्यांतले कोणते दिवस कोणत्या बंदरावर घालवायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निघते, आणि मग सर्वेक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा व दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा तेथे हजर राहतो. मधल्या रात्री लागलेल्या नौकांची माहिती तो दुसऱ्या दिवशी विचारून घेतो. त्या वेळात पंधरापर्यंत नौका लागल्या तर प्रत्येकीची नोंद होते. त्याहून जास्त लागल्या तर ठरलेल्या क्रमाने काही निवडल्या जातात. समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, म्हणून किनाऱ्यावर उतरलेले इतक्या शिस्तीने मोजायचे, असे हे गणित आहे.

एक ट्रॉलर धक्क्याला लागला आणि आमचे बोलणे तुटले. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, क्रेट ओढल्याचा खरखराट आणि लिलावाची बोली, सगळे एकदम सुरू झाले. त्या गर्दीत माझी विद्यार्थिनी तांडेलाशेजारी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशेजारी, जाऊन उभी राहिली आणि अगदी घरगुती आवाजात विचारू लागली. किती दिवस बाहेर होता? किती वेळा जाळे ओढले? किती वाव, म्हणजे किती खोल पाण्यात? तांडेल दोरखंड गुंडाळता गुंडाळता उत्तरे देत होते. चार दिवस, अठरा-वीस वावांत, एकदा जाळे फाटले. मला वाटले होते की ती आधी मासळीचे वजन विचारेल. तिने नंतर समजावले की दहा क्रेट मासळी एका दिवसात मिळाली की चार दिवसांत, हे कळल्याशिवाय त्या दहा क्रेटना काही अर्थ नाही. बंदरावर उतरणारी मासळी वर्षानुवर्षे तेवढीच दिसते, पण तेवढ्यासाठी नौकांना अधिकाधिक दूर आणि अधिकाधिक दिवस जावे लागत असेल, तर समुद्र आटत चालला आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट कुठेही इतक्या सरळ लिहिलेली नाही.

पर्ससीन नौका, म्हणजे मासळीच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून ते तळाशी आवळणाऱ्या नौका, एका बाजूला बांधून ठेवलेल्या होत्या. फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशानुसार त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम मिळतो.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. जेट्टीवर चपला घालून जाऊ नये. पकड असलेले, पाण्याने खराब न होणारे बूट हवेत. लिलाव चालू असताना मध्ये उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये. 1 जून ते 31 जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी असते, त्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर असतात आणि यातले काहीच पाहायला मिळत नाही.

दुसरा दिवस : कानातला खडा

पहाटे हवेत गारवा होता. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि धक्क्यावरचे पाणी तळ्यासारखे सपाट होते. सहा ते बाराचा फेरा सुरू झाला. आज मोजपट्टी माझ्या हातात आली. लाकडी फळी, एका टोकाला उभी आडफळी, मध्ये मिलिमीटरच्या खुणा. माशाचे तोंड आडफळीला टेकवायचे, अंग सरळ करायचे आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी वाचायची; काही जातींत शेपटीच्या टोकापर्यंतची. पहिल्या दहा माशांना मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात विद्यार्थिनीने चाळीस मोजले असते. बोटे बर्फाने बधिर होतात, मासा निसटतो आणि समोर व्यापारी घाई करत असतो, कारण त्याची गाडी उभी आहे. तरीही क्रेटमधला वरचा, देखणा मासा तेवढा उचलायचा नाही, हाताला येईल तसा लहान-मोठा सगळा घ्यायचा, हे तिने मला तीनदा बजावले. वरचेच मासे मोजले तर कागदावर समुद्र सुखी दिसतो.

क्रेटांच्या मागे एक ढीग वेगळा पडला होता. बोटाएवढे बांगडे, नाण्याएवढी पापलेटे, खेकड्यांची पिल्ले, ओळखू न येणारे बरेच काही. याला कुटा म्हणतात. तो मासळीच्या भुकटीसाठी जातो. त्या ढिगातून तिने ओंजळभर मासळी पिशवीत भरून घेतली. मोजायचे खरे तर हेच, असे ती म्हणाली, आणि त्यानंतर बराच वेळ आम्ही तिघीही गप्प होतो.

दुपारी प्रयोगशाळेत त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, ज्यासाठी मी आले होते. तिने एका पापलेटाचे पोट कापून गाबोळी बाहेर काढली. गाबोळी आपण ताटात पाहतो. इथे ती टप्प्यांनी पाहतात. दोऱ्यासारखी बारीक, मग पिवळसर, मग दाणे दिसू लागलेली, मग पूर्ण भरलेली, आणि अंडी टाकून झाल्यावर लोंबणारी रिकामी पिशवी. शेकडो माशांची लांबी आणि त्यांचा टप्पा शेजारी शेजारी लिहिला की कोणत्या लांबीला पहिले मासे वयात येऊ लागतात आणि कोणत्या लांबीला निम्मे आलेले असतात, हे दिसू लागते. कायद्यातला आकडा या अभ्यासातून उभा राहतो. तो ठरवताना जाळ्यांचे आणि मच्छीमारांच्या रोजच्या कमाईचे वास्तवही पाहावे लागते, कारण पाळता न येणारा आकडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी माशाच्या उपयोगाचा नसतो. 135 मागे अशी कित्येक वर्षांची कापलेली पोटे आहेत.

नंतर तिने चिमट्याने माशाच्या डोक्यातून एक पांढरा कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या कणीएवढा, एका बाजूने किंचित दंतुर, उजेडात धरला तर दुधी काचेसारखा. हा माशाच्या कानातला खडा. त्याच्या साहाय्याने मासा तोल सांभाळतो, आणि मासा वाढतो तसे त्यावर थर चढत जातात. थंड समुद्रांत झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी वर्षांची वर्तुळे स्पष्ट दिसतात. आपल्या उबदार पाण्यात ती तितकी ठळक नसतात, म्हणून लहान माशांच्या खड्यांवरचे दिवसादिवसांचे बारीक थर मोजावे लागतात आणि लांबीच्या नोंदींवरून वाढीचा वेग काढावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मी ते थर पाहिले. एकेका दिवसाची एकेक रेघ.

प्रयोगशाळेत तारलीवरही बोलणे निघाले. केरळात 2012 मध्ये सुमारे चार लाख टन तारली उतरली होती आणि 2021 मध्ये ती साडेतीन हजार टनांवर आली. एवढी घसरण एकट्या जाळ्यांनी होत नाही. समुद्राचे तापमान आणि अन्न यांचाही त्यात मोठा हात असतो. म्हणूनच मोजणी एका वर्षापुरती करून चालत नाही.

संध्याकाळी सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहिले. देवमाशाच्या अजस्र सांगाड्यासमोर मुले थबकतात. पण शेजारच्या बरण्यांमधल्या मासळीपुढेही त्यांना थांबवावे, असे मला फार वाटते. जेवायला बांगड्याचे तिखले होते, तिरफळे घातलेले. सकाळी मोजलेले मासे आठवून बहिणीला पहिला घास घेववेना, पण वासाने तिला फार वेळ थांबू दिले नाही.

तिसरा दिवस : मालवण आणि जाळ्याचा डोळा

रत्नागिरीहून निघालेल्या गाडीचे चाक वाटेत पंक्चर झाल्याने आम्ही मालवणात दोन तास उशिरा पोहोचलो. ऊन उतरले होते. किनाऱ्यावर माडाच्या सावलीत एक वयस्कर काका जाळे विणत बसले होते. विद्यार्थिनीची त्यांच्याशी जुनी ओळख होती.

किमान आकाराविषयी मी त्यांना विचारले. सुईवरून नजर न उचलता ते म्हणाले, "मासो लहान गावलो तर परत सोडूक होयो, ह्या खरा. पण ट्रॉलरच्या जाळ्यात दोन तास चेपलेलो मासो जितो खय रवता?" एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळा विषय मांडला. बंदरावर आलेल्या लहान माशाला दंड करून तो मासा जिवंत होत नाही. त्याला जाळ्यातूनच निसटू द्यायला हवे. मग काकांनी दोन तुकडे काढले. एकाचे डोळे नेहमीसारखे शंकरपाळ्याच्या आकाराचे, दुसऱ्याचे चौकोनी. पहिला तुकडा माझ्या हाती देऊन ते म्हणाले, ओढा. मी ओढला, आणि सगळे डोळे मिटून जाळे दोरीसारखे झाले. दुसरा ओढला, तर ताण आला तरी प्रत्येक चौकोन उघडाच राहिला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे खोल्याला, 40 मिलिमीटरचे चौकोनी डोळे असावेत हा नियम येथून आला आहे. या जाळ्यांवर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बरेच काम केले आहे. लहान मासा निसटतो, खोल्यात कचरा कमी राहतो आणि जाळे ओढायला हलके झाल्याने डिझेलही वाचते. तरीही सगळे ते वापरत नाहीत, कारण शेजारची नौका बारीक डोळ्याचे जाळे घेऊन जाते तोवर एकट्याने मासे सोडून देणे कोणालाही जड जाते.

कासवे किंवा संरक्षित यादीतले इतर जीव अडकले तर जाळे कापून त्यांना सोडणाऱ्या मच्छीमाराला 2018 पासून कमाल 25,000 रुपये भरपाई मिळते. काकांनी एकदा असे जाळे कापले होते. मोबाइलवरचे चित्रण त्यांनी कौतुकाने दाखवले.

समोर सिंधुदुर्ग किल्ला तांबूस दिसू लागला होता. या पाण्यात 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याला इथल्या मच्छीमारांचा दीर्घकाळ विरोध राहिला. काकांच्या बोलण्यात त्याची सल अजून होती. आम्हाला आधी विचारले असते तर, असे ते दोनदा म्हणाले. मला ते पटले. किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांची आणि खडकांची माहिती ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना वगळून केलेले संवर्धन टिकायचे कसे?

चौथा दिवस : खाडीत

माघ शुद्ध तृतीया. अमावास्येचे उधाण अजून ओसरले नव्हते आणि सकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती. कोणाला खाडीत जायचे असेल तर त्याने हॉटेलची आधी आणि भरतीची वेळ मागाहून असे करू नये. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसे उतरतच नाही.

गावातल्या बायका गुडघाभर चिखलात पायांनी चाचपत तिसऱ्या काढत होत्या. मीही उतरले. पायाच्या अंगठ्याला कडक काही लागले की वाकायचे, बोटे रुतवायची आणि वर काढायचे. दहापैकी सात वेळा माझ्या हाती रिकामे शिंपले आले. शेजारच्या वहिनींची टोपली भरत होती. बारीक तिसऱ्या त्या न बघताच मागे टाकत होत्या. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "ती फुडल्या म्हयन्याक आमचीच." केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले, ते भारतातले पहिलेच होते. तिथे बंद हंगाम आणि आकाराचे बंधन संशोधक व मच्छीमार यांनी मिळून पाळले. वहिनींच्या वाक्यात त्या बंधनाचे बीज आहे. त्याला नोंदीची जोड मात्र मिळायला हवी.

पुढे कांदळवनात जाळ्याची कुंपणे घालून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वाढवल्या जातात. एका बचत गटाने ते काम घेतले आहे. कुर्ली कात टाकते तेव्हा काही तास अगदी मऊ असते आणि तेवढ्यात दुसऱ्या कुर्ल्या तिला खाऊन टाकतात, म्हणून आत लपायला नळकांडी आणि फांद्या ठेवलेल्या होत्या. खाडीच्या मध्यावर पिंपांवर तरंगणाऱ्या पिंजऱ्यांत चोणक होते. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते, हे ऐकून बहिणीने विद्यार्थिनीला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. लहान चोणकही एकमेकांना गिळतात. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी आकाराप्रमाणे निवडून त्यांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत टाकावे लागते.

पण इथेच मला मिरकरवाड्याचा तो ढीग पुन्हा दिसला. कुर्ल्यांना आणि चोणकांना बादलीतून चिरून घातला जात होता तो कुटाच. एक किलो चोणक तयार होण्यासाठी असा कित्येक किलो कुटा लागतो. समुद्रावरचा भार हलका व्हावा म्हणून मत्स्यशेती करायची आणि तिला खायला समुद्रातलीच पिल्ले घालायची, हे चक्र तोडायला हवे. गोळी खाद्यावर मासे लवकर कसे रुळवता येतील, त्यातले मासळीचे प्रमाण कमी कसे करता येईल, यावर म्हणूनच इतके प्रयोग चालतात. त्या मानाने दोरीला टांगलेली कालवे, म्हणजे शिंपल्यांत राहणारे जीव, मला सर्वांत निर्मळ वाटली. त्यांना कोणी काही घालत नाही; पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ ती स्वतःच खातात. मात्र पाण्यात घाण असली तर तीही त्यांच्यात साठते, तेव्हा खाडीचे पाणी तपासत राहणे हा या शेतीचाच भाग आहे.

दुपारी बचत गटातल्या बायकांनी तिसऱ्यांचे सुके, घावणे आणि सोलकढी वाढली. अशा ठिकाणी जायचे असेल तर आदल्या दिवशी कळवून जावे.

संध्याकाळी देवळाच्या आवारात मच्छीमारांची बैठक होती. विद्यार्थिनी मागच्या हंगामाच्या नोंदी घेऊन आली होती. सुरुवातीलाच एकाने विचारले, "तुमी आकडे घेवन जातात, आमका काय गावता?" ती उत्तर देण्याच्या भरीस पडली नाही. तिने कागद जमिनीवर पसरला आणि कोणत्या महिन्यात कोणत्या लांबीचे सरंगे उतरले ते बोटाने दाखवू लागली. सगळे वाकून पाहू लागले. एका महिन्याच्या आकड्यांवर दोघांनी हरकत घेतली. त्या दिवसांत वारा होता, नौका गेल्याच नव्हत्या, मग इतके मासे आले कुठून? तिने वही काढून पाहिले. तारीख चुकीच्या रकान्यात गेली होती. तिने तिथेच, सर्वांसमोर ती दुरुस्त केली. त्यानंतर आवाजांतला ताठरपणा गेला, आणि निघताना एका तांडेलाने स्वतःहून सांगितले की पुढच्या हंगामात तो आपल्या नौकेची वही ठेवील.

पाचवा दिवस : रापण

गाडी दुपारची होती. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. दोन टोकांना वीस-वीस माणसे, मध्ये समुद्रात अर्धवर्तुळ, आणि एका लयीत मागे जाणारी पावले. आम्हीही दोराला हात लावला. तो ओला दोर फार जड असतो.

जाळे वाळूवर आले तेव्हा आत बांगडे, पेडवे, दोन कर्ल्या आणि बरीच बारीक मासळी होती. मासळी अजून उडत होती. रापणीत मासा शेवटपर्यंत पाण्यात असतो, म्हणून घाई केली तर तो वाचू शकतो. विद्यार्थिनीने फळी वाळूवर ठेवली. लहान पापलेटे निघाली ती सात. रापणकरांतल्या एका मुलाने ती एकेक करून फळीवर धरली आणि मी आकडे वाचले. 118, 126, 121, 131, 109, 124, 133. चार जिवंत होती. मुलगा ती ओंजळीत घेऊन पोटापर्यंत पाण्यात गेला आणि लाट परतताना सोडून आला. उरलेली तीन रापणकरांच्या वाट्यात गेली. वहीत लांबी मात्र सातही माशांची लिहिली गेली, समोर तारीख, वेळ आणि किती जणांनी किती वेळ दोर ओढला तेही.